पुण्याची गाडी मनालीच्या बर्फात: उतारावर थांबत नाही, पहाटे सुरू होत नाही, काच गोठते

ही तक्रार दर वर्षी नाताळच्या सुट्टीत सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. एमएच १२ किंवा एमएच १४ ची गाडी पुण्याहून सुमारे दोन हजार किलोमीटर विनातक्रार जाते आणि सोलंग ते अटल बोगदा या शेवटच्या टप्प्यात रस्त्यावर आडवी होते. टायर बरे असतात, सर्व्हिसिंग निघण्याआधीच झालेलं असतं, चालवणारा ताम्हिणी-वरंधा कोळून प्यायलेला असतो. तरी ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलच्या अंगणात ती सुरूही होत नाही.

यातल्या निम्म्या अडचणी बर्फातल्या नसतात. त्या पुण्यातूनच बॉनेटखाली भरून नेलेल्या असतात: रेडिएटरमध्ये साधं पाणी, चार वर्षांची बॅटरी, वॉशरच्या बाटलीत नळाचं पाणी. उरलेल्या निम्म्या पायाच्या सवयीच्या आहेत. आधी पायाचं बघू, कारण जिवावर बेततं ते तिथेच.

उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते

मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतात आणि घोळ इथूनच सुरू होतो. आकाशातून पडलेला ताजा, भुसभुशीत बर्फ तितका वाईट नसतो. टायर त्यात रुततो, थोडी पकड मिळते. त्यावरून शंभर गाड्या गेल्या की तो दाबून गुळगुळीत होतो. दुपारच्या उन्हात त्याचं पाणी होतं आणि संध्याकाळी तेच पाणी गोठून डांबरावर पारदर्शक थर बनतो. हा थर दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. तिथला ड्रायव्हर ‘आगे पाला है’ म्हणाला, तर तो झाडपाल्याबद्दल बोलत नाही. तो याच गोठलेल्या थराबद्दल सांगतोय. ऐकायचं आणि तिथेच थांबायचं.

कोरड्या डांबरावर टायरची पकड (म्हणजे घर्षणांक) ०.७ धरली, तर दाबलेल्या बर्फावर ती ०.२ च्या आसपास असते आणि काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ३० किमी वेगाला ब्रेक दाबल्यावर सपाट कोरड्या रस्त्यावर गाडी ५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर १८ मीटर लागतात, गोठलेल्या थरावर ३५. ब्रेकवर पाय पोचेपर्यंतचा सेकंदभर यात धरलेला नाही. त्याचे आणखी ८ मीटर.

हे झालं सपाटीवर. आता दहा टक्क्यांचा उतार घ्या, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर रस्ता एक मीटर खाली उतरतो. घाटात असा उतार काही नवलाचा नाही. उतार गाडीला जितका खाली ओढतो आणि ०.१ ची पकड जितकं धरून ठेवते, ते इथे बरोबरीत सुटतं. धरून ठेवायला काही उरतच नाही. ब्रेक पूर्ण दाबलेला, चारही चाकं लॉक, तरी गाडी त्याच वेगाने खाली जात राहते. ब्रेक फेल झाला, असं वाटून लोक हबकतात. ब्रेक शाबूत असतो, त्याला पकडायला खाली रस्ता नसतो.

म्हणून उताराचा निर्णय उताराच्या माथ्यावर, सपाटीवरच घ्यायचा. समोरची गाडी उतार पूर्ण संपवून बाजूला होईपर्यंत थांबायचं. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्या. मग पहिला गिअर टाकून ताशी ८-१० किमीने निघायचं. क्लचवरून पाय पूर्ण काढायचा आणि वेग इंजिनाला रोखू द्यायचा. ब्रेक लागलाच तर टोचून सोडायचा, तोही सरळ पट्ट्यात. वळणावर ब्रेक दाबायचा नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय असलेल्यांनी तर बर्फात स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यावं. डिझेल वाचवायला तो उतार न्यूट्रलवर उतरण्याचा परिणाम तिथे कोरड्या रस्त्यावरही वारंवार दिसतो.

इंजिन ब्रेकिंगलाही एक काटा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन फक्त पुढच्या चाकांना रोखतं. वेग २५ असताना तिसऱ्यातून थेट पहिला टाकून क्लच झटक्यात सोडला, तर पुढची चाकं एकदम मंदावतात, घसरतात आणि स्टिअरिंग निकामी होतं. आधी वेग उतरवायचा, मग गिअर उतरवायचा. खाली जाताना पुढची चाकं फरफटायला लागली तर क्लच दाबायचा. चाकं मोकळी फिरू लागली की स्टिअरिंग परत हातात येतं. ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमधला १ घ्या, एएमटीमध्येही (क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत) मॅन्युअल मोडच. इलेक्ट्रिक गाडीत रिजनरेशन सगळ्यात कमी पायरीवर ठेवा. नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलणं म्हणजेच ब्रेक दाबणं होतं.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं आणि कडकड आवाज येतो. अनेकजण घाबरून पाय काढतात. काढू नका, दाबून ठेवा आणि गाडी वळवा. एबीएस त्यासाठीच आहे. थांबण्याचं अंतर मात्र ते कमी करत नाही. भुसभुशीत बर्फावर तर थोडं वाढवतं, कारण लॉक झालेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग साचून गाडी अडते, तो साचूच देत नाही. फोर बाय फोरबद्दलही असाच गैरसमज आहे. चार चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते छान, थांबताना मात्र चारही चाकांना ब्रेक हॅचबॅकलाही असतोच. बर्फात आत्मविश्वासाने घसरणाऱ्या मोठ्या एसयूव्ही कमी नसतात.

घसरायला लागलीच, तर आधी बघा घसरतंय काय. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात असेल, तर पुढची चाकं सुटली आहेत. अशा वेळी आणखी वळवायची ऊर्मी होते. तेच करायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ आणा, पकड आली की हळू वळवा. गाडीचं मागचं टोक बाहेर येत असेल, तर ब्रेकला हात-पाय न लावता नजर जिथे जायचंय तिथे ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच धरा. मागचं टोक सरळ येऊ लागलं की लगेच स्टिअरिंगही सरळ करायचं, नाहीतर गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. काहीच जमत नसेल, तर डोंगराच्या बाजूला घ्या. कडेला साचलेल्या मऊ बर्फात मधल्या घासलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त पकड असते आणि बंपरचा खर्च दरीपेक्षा स्वस्त पडतो.

गोठलेला थर कुठे असेल, हे बऱ्यापैकी आधी ओळखता येतं. पुलांवर असतो, कारण त्यांना खालूनही थंडी लागते. दिवसभर सावलीत राहणाऱ्या वळणांवर असतो, डोंगरातून झिरपणारं पाणी रस्ता ओलांडतं तिथे असतो, बोगद्याच्या तोंडाशी असतो. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर त्याचं राज्य. बोगदा स्वतः ९.०२ किमी लांब आणि आतून कोरडा आहे. आत वेग वाढलेला असतो आणि बाहेर पडताच तीन हजार मीटरहून जास्त उंचीवरचा गोठलेला रस्ता भेटतो. म्हणून वेग शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये, आतच उतरवून घ्या.

आणखी एक खूण पक्की आहे. रस्ता ओला दिसतोय, पण समोरच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये आणि तुमच्या टायरचा आवाज अचानक बंद झालाय, तर खाली पाणी नाही. पाय अलगद उचला, स्टिअरिंग स्थिर ठेवा. पारा शून्याच्या आसपास असताना थरावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून उणे १५ पेक्षा तेव्हाच तो जास्त निसरडा असतो.

चढावर चाक गरगरतं, गाडी जागची हलत नाही

अ‍ॅक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितकी घर्षणाने उष्णता होते, बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि टायरच्या आकाराची गुळगुळीत वाटी तयार होते. दोन मिनिटांच्या रेसमध्ये सुटण्यासारखी गाडी क्रेनची होऊन बसते. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स तापतो तो वेगळाच.

स्टिअरिंग सरळ करा. चालणाऱ्या (इंजिन ज्यांना फिरवतं त्या) चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ हाताने, ताटलीने, मिळेल त्याने काढा. पायाखालची रबरी मॅट खरखरीत बाजू वर करून टायरला अगदी टेकवून घाला. तिच्याऐवजी वाळू, राख किंवा जाडं मीठ चालतं. मीठ उणे आठ-नऊच्या खाली फारसं काम करत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी बंद करा, कारण चाक जरा फिरलं की ते इंजिनाची ताकद कापतं. सुटल्यावर लगेच परत चालू करा. मग दुसऱ्या गिअरमध्ये, रेस जवळपास न देता क्लच सावकाश सोडा. पहिल्यात चाकाला जोर जास्त मिळतो आणि तेच नको असतं.

मॅट टाकलेल्या चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. ती गोफणीतल्या दगडासारखी मागे येते. उताराच्या बाजूने धक्का देणाऱ्यालाही बाजूला करा, मग तो कितीही उत्साही मामा असो.

चढ सुरू करायच्या आधी समोरची गाडी माथ्यावर पोचू द्या. मध्ये थांबावं लागलं की संपलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं वजन चढावर मागे जातं आणि नेमकी चालणारी चाकं हलकी होतात.

स्नो चेन: लावली तरी सुटते, तुटते, फेंडरला घासते

स्नो चेन म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती बांधायची साखळी. ती टायरच्या मापाचीच लागते. टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असं जे लिहिलंय, ते आकडे चेनच्या पिशवीवर असायला हवेत. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून मिळणारी चेन कुणालाच धड बसत नाही. १५ इंचांच्या जागी १७ इंची अलॉय चढवले असतील, तर टायर आणि सस्पेन्शनच्या दांड्यामध्ये दोन बोटं जागा उरते का ते हात घालून बघा. नसेल तर चेन एबीएसची वायर किंवा ब्रेकचा पाइप कापते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ठरावीक मापाच्या टायरवर चेन लावूच नका, असं स्पष्ट दिलेलं असतं. ते पान निघण्याआधी वाचायचं.

चेन चालणाऱ्या चाकांना लावायची. बहुतेक हॅचबॅक-सेडानमध्ये ती पुढची. मागच्या चाकांना लावून ‘पकड येत नाही’ म्हणणारे दर मोसमात भेटतात. पुढे चेन आणि मागे नुसते टायर असतील, तर उतारावर मागचं टोक बाहेर यायला बघतं, म्हणून वेग आणखी कमी.

लावायची ती बर्फ सुरू होण्याआधी, सपाट जागी. बर्फात रुतल्यावर चाकाखालून ती सरकवणं म्हणजे गोठल्या बोटांनी सुईत दोरा ओवणं. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. हुकांची धारदार तोंडं टायरच्या विरुद्ध, बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत. चाकामागून तार किंवा साखळी फिरवा, आधी आतल्या बाजूचा हुक अडकवा, मग बाहेरचा, मग ताण द्या. शंभरेक मीटर गाडी चालवा, थांबा, परत ताणा. हे दुसरं ताणणं लोक विसरतात आणि सुटलेल्या चेन बहुतेक त्यामुळेच सुटतात. पुढे वेग ३० च्या वर नको, आणि डांबर उघडं दिसलं की चेन काढायची. कोरड्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवली तर कडी तुटते आणि फेंडर फाडते.

मनालीत चेन भाड्याने मिळते, पण माप तिथे जुळेलच असं नाही. विकत घेतली असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघा. वॉचमन हसेल. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो, तिसऱ्या वेळी दहा मिनिटं.

टायर आणि हवा

आपल्याकडचे टायर उन्हाळ्याच्या हिशेबाने केलेले असतात. सात अंशांच्या खाली त्यांचं रबर ताठर होतं, मग नक्षी कितीही असो. कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तो खरा हिवाळी टायर. नुसतं ‘एम + एस’ असेल तर ते फक्त नक्षीबद्दल सांगतं, रबराबद्दल नाही. आठ दिवसांच्या सहलीसाठी हिवाळी टायर घेणं परवडत नाही, हे मान्य. पण नक्षी किमान ४ मि.मी. हवी. कायद्याची १.६ मि.मी. ची मर्यादा बर्फासाठी नाही.

हवा बर्फात कमी करावी, हा सल्ला वाळवंटातून आलाय. गोठलेल्या रस्त्यावर त्याने फायदा होत नाही, चेन मात्र ढिली पडते. शिवाय हवा तशीही कमी होतेच. पुण्यात २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर मनालीत उणे ५ ला नुसत्या थंडीने सुमारे पाच पीएसआयने उतरायला हवा. पण पुणे ५६० मीटरवर आहे आणि मनाली दोन हजारांवर, बाहेरचा दाब तिथे कमी असतो, म्हणून गेज साधारण ३० दाखवतो. टायर थंड असताना, सकाळी तिथे मोजा आणि दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा गाठा. परतताना मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजा.

पहाटे गाडी सुरू होत नाही

आधी कान द्या. स्टार्टर ‘घर्र… घर्र… टक्’ करत दमत असेल, तर बॅटरी. स्टार्टर नेहमीच्या जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून मिनिटभरात गुदमरून बंद पडतं, तर डिझेल. हे दोन वेगळे आजार आहेत. एकावरचं औषध दुसऱ्याला दिल्याने बॅटरीही उतरते.

बॅटरीची ताकद शून्य अंशाला पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाने घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पुण्यात या बॅटरीची परीक्षा कधी होतच नाही, म्हणून ती धडधाकट वाटते. निघायच्या आदल्या दिवशी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. दुकानदाराकडून लोड टेस्टही करून घ्या, कारण व्होल्ट नीट दाखवूनही दम नसलेल्या बॅटऱ्या असतात. तीन-चार वर्षं झाली असतील आणि निकाल काठावर असेल, तर पुण्यातच बदला. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे सात-आठच्या आसपासच गोठू शकतं. पूर्ण भरलेली उणे पन्नासपर्यंत तग धरते.

जंप देताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. पाच मिनिटं थांबून मग चावी. बॅटरीचा डबा फुगलेला दिसला तर जंप देऊच नका. आत बर्फ असेल तर ती फुटते.

डिझेलचं कारण मेणात आहे. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर चोंदतो. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलची न ओतण्याइतकं घट्ट होण्याची कमाल मर्यादा हिवाळ्यात ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश आहे. प्रत्यक्षात बरंचसं डिझेल याहून खाली टिकतं, पण त्यावर विसंबून रात्र काढता येत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते यासाठीच. पुण्यापुरता उपाय साधा आहे: टाकी पाव ठेवून डोंगरात शिरा आणि कुल्लू-मनालीच्या पंपावर फुल करा. फुल टाकीत हवा कमी, म्हणून वाफेचं पाणीही कमी. फिल्टर वर्षभर बदललेला नसेल तर निघण्याआधी बदला, त्यात साचलेलं पाणीही गोठतं.

डिझेल घट्ट झालंच, तर फिल्टरभोवती कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं गुंडाळा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिकचा डबा तडकतो. चावी ऑन करून ग्लो प्लगचा (सुरू होण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, बंद करा, असं तीनदा करून मग स्टार्टर दहा सेकंद. मध्ये मिनिटभर विश्रांती. ट्रकवाले टाकीखाली शेकोटी करतात. ते बघायचं, करायचं नाही. टाकीत रॉकेल ओतण्याचा सल्लाही जुन्या इंजिनांचा आहे, बीएस-६ गाडीचा पंप आणि फिल्टर त्याने जातात.

डीईएफची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी असलेल्या एसयूव्हींसाठी: ते उणे ११ ला गोठतं, आणि गोठताना फुगतं. काठोकाठ भरू नका. गोठलं तरी इंजिन सुरू होतं आणि हीटर ते वितळवतो. गरम पाणी किंवा आणखी काही त्यात ओतलं, तर मात्र खर्च येतो.

सीएनजीवाल्यांची गंमत वेगळीच. वर्षभर गाडी गॅसवर चाललेली, पेट्रोलच्या टाकीत सहा महिन्यांचं शिळं पाच लिटर. थंडीत गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि तापेपर्यंत पेट्रोलवरच राहते. निघण्याआधी जुनं संपवा, ताजं भरा, डोंगरात पूर्ण वेळ पेट्रोलवर चालवा.

रात्री गाडी लावताना बॉनेट पूर्वेकडे ठेवा, सकाळचं पहिलं ऊन तिथे पडतं. उतरत्या छपराखाली लावू नका, वरचा साचलेला बर्फ एकदम काचेवर येतो.

रेडिएटरमध्ये पाणी

मे महिन्यात टेंपरेचरचा काटा वर गेला की नाक्यावरच्या गॅरेजात बिसलरीची बाटली रिकामी करून ‘टॉप-अप’ होतो. असं दोन-तीनदा झालं की कुलंट नावालाच उरतं. पुण्यात चालतं. मनालीत रात्री ते गोठतं, गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा ब्लॉक तडकतो.

एथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं असेल तर ते उणे ३७ पर्यंत टिकतं. एक भाग कुलंट, दोन भाग पाणी असेल तर उणे १७-१८ पर्यंत. निव्वळ कुलंट जास्त चांगलं, असं समजू नका. सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की उलट लवकर गोठतं. रिफ्रॅक्टोमीटर असलेल्या गॅरेजात एक थेंब टाकून आकडा कळतो. आकडा वाईट आला तर वरून ओतून भागणार नाही, पूर्ण काढून भरून घ्या. रंग बघून कुलंट मिसळू नका. पुस्तिकेतला प्रकार बघा. ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही. नाना पेठेत डबा घेताना एवढं वाचून घ्या.

काच, वायपर, दार, हँडब्रेक

गोठलेल्या काचेवर गरम पाणी टाकलं की काच तडकते. इंजिन सुरू करा, हीटर काचेवर लावा आणि बाहेरून जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा. वायपर रात्री उचलून ठेवा. काचेला चिकटलेला वायपर चालवला की मोटर जाते किंवा रबर फाटतं. वॉशरच्या बाटलीतलं पुण्याचं पाणी चंदीगडलाच संपवा. त्याजागी निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी घाला. वॉशरच्या गोळ्या म्हणजे नुसता साबण, त्याने गोठणं थांबत नाही. कुलंट तर अजिबात घालू नका, काचेवर तेलकट पडदा येतो.

आतून काच धुरकट झाली, तर पावसाळ्यात करता तसा एसी थंड करू नका. गरम हवा, काचेकडे, बाहेरची हवा आत घेणारा मोड, आणि एसीचं बटण चालू. कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर आपणहून बंद राहतो. मग दोन काचा बोटभर उघडा. ओले बूट आणि स्वेटर आत न वाळवणं हा निम्मा इलाज.

हँडब्रेक रात्री ओढून ठेवू नका. ओली केबल आणि ब्रेक शू गोठतात आणि सकाळी मागची चाकं फरफटतात. पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, चाकांना दगड लावून उभी करा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आपोआप लागत असेल, तर तो बंद करण्याची रीत पुस्तिकेत असते. दाराच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारला की ते चिकटत नाही. कुलूप गोठलं तर किल्लीला सॅनिटायझर लावून घाला, त्यातलं अल्कोहोल काम करतं.

रस्त्यातच रात्र काढायची वेळ आली तर

इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपणं, हे सगळ्यांत धोक्याचं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. तासातून दहा मिनिटंच इंजिन चालवा, दर वेळी आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. कुल्लू-मनालीत फुल केलेली टाकी पुढे बर्फात अर्ध्याच्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही. मदतीसाठी ११२. पोलिसांनी सोलंगजवळच परत फिरवलं तर हुज्जत घालू नका; पुढे अडकलेल्या गाड्यांची रांग त्यांना दिसत असते, तुम्हाला नाही.

परतल्यावर

रस्त्यावर टाकलेलं मीठ खालच्या पत्र्यात आणि ब्रेकच्या पाइपांवर बसलेलं असतं. मैदानात उतरल्यावर पहिल्याच वॉशिंग सेंटरवर लिफ्टवर चढवून खालून धुवून घ्या, पुण्यात आल्यावर परत एकदा. चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालची पाण्याची भोकं विसरू नका. चेन गोड्या पाण्याने धुवून, उन्हात कडकडीत वाळवून, हलका तेलाचा हात देऊन पिशवीत ठेवा. तशीच ओली ठेवलेली पुढच्या डिसेंबरात गंजाचा एक गोळा होऊन बाहेर येते.